फळबागेतला भाजीपाला झाडाच्या कलाने हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फळझाडांच्या ओळींमध्ये भाजीपाला घेण्याविषयीचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. झाडे फळावर येईपर्यंत मधली जमीन रिकामी ठेवू नये, हा त्यातला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. १० × १० मीटर अंतरावर लावलेल्या आंब्याच्या प्रत्येक झाडाच्या वाट्याला १०० चौरस मीटर जमीन येते आणि २ मीटर व्यासाचा पसारा असलेले कोवळे झाड त्यातली जेमतेम ३ चौरस मीटर झाकते. उरलेल्या जागेचे ऊन, पाणी आणि खत तणाच्या वाट्याला जाते. मात्र लेखासोबतच्या तक्त्यात भाज्या केवळ हंगाम आणि बाजारातील मागणी पाहून निवडल्या आहेत. झाडाचे वय आणि त्याचा वर्षाचा क्रम यांचा त्यात कोठेही विचार दिसत नाही, म्हणून हे पत्र.

सर्वांत मोठी ओढाताण पाण्याची असते. संत्रा-मोसंबीसारख्या लिंबूवर्गीय झाडांना उष्ण हवामानात एकदम आणि भरपूर फुले यावीत यासाठी काही आठवडे पाणी तोडून ताण द्यावा लागतो. आंब्यालाही मोहोरापूर्वी कोरडा विसावा मानवतो. भाजीची मुळे मात्र उथळ असतात आणि तिला थोडे थोडे पण वरचेवर पाणी लागते. ताणाच्या दिवसांत ओळींमध्ये पालक किंवा मेथी उभी असेल, तर झाडाची मुळे त्या ओलीपर्यंत पोहोचतात, ताण बसत नाही, फुलांऐवजी पालवी फुटते आणि भाजीला दिलेले नत्र त्या पालवीला आणखी जोर देते. बागायतदार मग हवामानाला दोष देत बसतो. ताण सुरू होण्यापूर्वी भाजीची शेवटची काढणी आटोपली पाहिजे. तेवढी मुदत मिळत नसेल, तर त्या हंगामात मधली जागा मोकळी ठेवलेली बरी. वाफे झाडाच्या आळ्याबाहेर असावेत आणि भाजीच्या ठिबकला स्वतंत्र झडप असावी, कारण बुंध्याशी सतत ओल राहिली की लिंबूवर्गीय झाडांना डिंक्या रोग गाठतो.

दुसरी गोष्ट फवारणीची, आणि ती खाणाऱ्याच्या ताटाशी जोडलेली असल्यामुळे लेखात तिचा उल्लेख नसणे मला अधिक खटकले. कीटकनाशकाच्या वेष्टनावर फवारणी आणि काढणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यावेत हे पिकानुसार दिलेले असते. फळ तोडायला दोन महिने अवकाश आहे म्हणून निर्धास्तपणे मारलेले औषध खालच्या कोथिंबिरीवर ठिबकते आणि ती कोथिंबीर चौथ्या दिवशी बाजारात जाते. त्या औषधाला त्या भाजीवर मुळात परवानगी आहे की नाही, हे कोणी पाहिलेलेच नसते. झाडाला फूल नाही असे पाहून फवारणी करावी, तर खाली भाजी फुलावर असते आणि तिच्यावर आलेल्या मधमाश्या मरतात. ज्या बागेत वारंवार फवारणी अटळ आहे, तिथे पालेभाजी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सावलीविषयी मात्र भीती जास्त आणि माहिती कमी आहे. बहुतेक पालेभाज्यांचे पान भर उन्हाच्या साधारण निम्म्या प्रकाशातच आपले काम जवळजवळ पूर्ण गतीने करते, त्यामुळे विरळ सावली त्यांना सोसते आणि कडक उन्हाळ्यात उपकारकही ठरते. टोमॅटो, मिरची, भेंडी यांना पहिल्या दोन-तीन वर्षांचे मोकळे ऊन द्यावे, पुढे पालेभाज्या घ्याव्यात आणि सावली दाटली की हळद, आले, सुरण यांच्याकडे वळावे, हा क्रम बहुतेक बागांना चालतो. नारळाचे गणित थोडे वेगळे आहे. पहिली सुमारे ८ वर्षे त्याच्या बागेत भरपूर ऊन असते, त्यानंतर साधारण २५ वर्षांपर्यंत दाट सावली पडते आणि पुढे खोड उंच गेले की ऊन पुन्हा जमिनीवर उतरते. शिवाय त्याची बहुतेक कार्यक्षम मुळे बुंध्यापासून २ मीटरच्या आत असतात, ७.५ मीटर अंतराच्या बागेत हे वर्तुळ जमिनीचा चौथा हिस्साही व्यापत नाही.

रोगांचे थोडक्यात सांगतो. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी टोमॅटो, वांगी, भेंडी यांवर पोसतात आणि डाळिंब व पेरूलाही सोडत नाहीत, त्यामुळे या दोन फळझाडांमध्ये तीच भाजी दरवर्षी घेणे म्हणजे झाडाच्या मुळाशी कीड पाळणे होय. पीच, जर्दाळू, चेरी यांच्या बागेत टोमॅटो, वांगी, बटाटा टाळावेत, कारण व्हर्टिसिलियम बुरशीचा मर रोग दोन्हींना होतो आणि ती बुरशी मातीत अनेक वर्षे टिकून राहते. चवळी, घेवडा, वाटाणा ही शेंगवर्गीय पिके फेरपालटात असावीत. वेलींबाबत माझाच अनुभव सांगतो: दोडक्याला वेगळा मांडव न करता मी तो ओळीत लावला, आणि चार दिवस लक्ष गेले नाही तेवढ्यात त्याने दोन वर्षांच्या पेरूचे शेंडे वाकवून टाकले.

आपण तो तक्ता पुन्हा छापणार असाल, तर त्यात झाडाचे वय, ताणाचा काळ आणि फवारणीचे महिने असे तीन रकाने वाढवावेत आणि भाजीचे नाव त्यानंतरच्या रकान्यात घालावे, ही विनंती.

आपला,
एक बागायतदार वाचक