गॅरेजमध्ये टांगलेलं ते काय होतं

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, रविवारी बोलताना तू विचारलंस, "मागे ते काय टांगलंयस गं?" आणि मी तोंड उघडायच्या आत बाबांनी फोन घेऊन वाड्याचं काढलं. ते हरणाचं कातडं होतं. मी स्वतः, घरी कमावलेलं. फोनवर सांगितलं असतं तर "शी, पुरे" म्हणून तू विषय संपवला असतास, म्हणून लिहायला बसले. बाबांनी मृगाजिनाचं, म्हणजे आपल्या आजोबांच्या पूजेच्या कातडी आसनाचं विचारलं होतं, त्याचं उत्तरही यातच येईल.

आधी एक सांगते, हरीण मी मारलेलं नाही. शेजारचे आजोबा, हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ काढून देतात ते, दरवर्षी शिकारीला जातात. इथे विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरणं मारायचा मुख्य हंगाम ९ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे इथल्या नोव्हेंबरमधल्या सणाच्या, आधीच्या शनिवारी तो सुरू होतो आणि अर्धं गाव भडक नारिंगी जाकिटात फिरायला लागतं. (२०१६ पासून कायद्याने भडक गुलाबीही चालतो, पण आजोबांना तो मान्य नाही.) पांढऱ्या शेपटीची ही हरणं राज्यात दहा लाखांच्या वर आहेत. शेतातला मका फस्त करतात, रात्री गाड्यांसमोर येतात. शिकारीला परवाना लागतो, मारलेलं हरीण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारदरबारी नोंदवावं लागतं, आणि मांस विकायला बंदी आहे. घरी खा नाहीतर वाटून टाका.

यंदा आजोबांची मनगटं ऐन वेळी रुसली. हरीण झाडाला उलटं टांगून झालं, पण कातडं ओढायला हातात जोर येईना. नुसती दोरी धर म्हणून त्यांनी मला हाक मारली. मी धरली. थोड्या वेळाने त्यांनी सुरी माझ्याकडे दिली आणि स्वतः खुर्ची ओढून बसले.

सुरीचं काम फार थोडं असतं. मागच्या पायांना सांध्याशी गोल छेद द्यायचा, मांड्यांच्या आतून एकेक लांब रेघ मारायची, आणि मग सुरी बाजूला ठेवायची. पुढे मूठ वळून ती कातडं आणि मांस यांच्यामध्ये घुसवत, वजन टाकत खाली यायचं. जनावर अजून कोमट असेल तर ओला स्वेटर अंगातून काढावा तसं कातडं उतरतं. घाई करून सुरी चालवली तर आतून चरे पडतात. ते तेव्हा डोळ्यांना दिसत नाहीत, पण पुढे ताणताना कातडं नेमकं तिथेच फाटतं. आजोबा खुर्चीतून सारखे ओरडत होते, "मूठ, मूठ!"

मांस त्यांच्या मुलीने नेलं. कातडं बरेच लोक सरळ टाकून देतात. मी मागून घेतलं. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

त्याच दिवशी पुढचं काम जमणार नव्हतं, म्हणून मीठ. आतल्या बाजूची चरबी आणि झिल्ल्या खरवडल्या आणि बारीक मीठ अगदी कडेपर्यंत चोळलं. मीठ पाणी ओढून घेतं आणि मग जंतूंचं काही चालत नाही. हे करायला उशीर झाला तर केस मुळातून सुटतात आणि कातडं नासतं. खरं तर मला ते केसांसकटच ठेवायचं होतं, पण आजोबांनी तो बेत मोडून काढला. या हरणांचे हिवाळी केस थंडी अडवण्यासाठी आतून पोकळ असतात, म्हणून ते तुटतात आणि कायम गळत राहतात. जमिनीवर अंथरलंस तर जन्मभर झाडत बसशील, म्हणाले. आई, आपल्या आजोबांच्या मृगाजिनाखालची फरशी रोज सकाळी तूच झाडायचीस ना?

तेव्हा केस काढायचे ठरले. त्याला चुना लागतो, विझवलेला, भिंतीला लावतात तोच. पिंपात चुन्याचं पाणी करून त्यात कातडं बुडवून ठेवलं. हातमोजे आणि चष्मा घालूनच रोज ढवळायचं, कारण चुना हात सोलतो. कातडं फुगून रबरासारखं जाड झालं आणि केस बोटाने ओढले तरी निघायला लागले. मग गुळगुळीत ओंडका तिरका उभा करायचा, त्यावर कातडं टाकून ते पोटाने दाबून धरायचं आणि दोन मुठींच्या बोथट पात्याने स्वतःपासून लांब ढकलत खरवडायचं. केस जातात ते सोपं. त्यांच्याखाली एक पातळ थर असतो, तुमच्या चपलांच्या कातड्यावर जो गुळगुळीत भाग दिसतो तो. या पद्धतीत तोही काढावा लागतो, नाहीतर पुढचं काही आत मुरत नाही. तो कुठे निघाला आणि कुठे राहिला हे ओल्या कातड्यावर कळत नाही. बोट फिरवून बघायचं आणि पुन्हा खरवडायचं. माझे खांदे भरून आले, आणि आजोबा ८० च्या घरातले असून या कामाला अजून "वॉर्म-अप" म्हणतात.

हे ते शिकले कागदाच्या कारखान्यातल्या एका सोबत्याकडून, तो मेनॉमिनी जमातीचा होता. मेनॉमिनी, हो-चंक, ओजिब्वे ही इथली मूळ माणसं. हरणाचं मऊ कातडं ही त्यांची विद्या. झाडाच्या साली नाहीत की कारखान्यातली रसायनं नाहीत, त्याच जनावराचा मेंदू पाण्यात कालवून कातड्यात मुरवायचा. मेंदूतली चरबी पाण्यात सहज मिसळते, कातड्याच्या तंतूंमध्ये शिरते आणि वाळताना ते एकमेकांना चिकटू देत नाही. प्रत्येक जनावराच्या डोक्यात त्याचं स्वतःचं कातडं कमावण्यापुरता मेंदू असतो, असं इथे सगळे म्हणतात.

पण मेंदूला मी हात लावला नाही, तेव्हा काळजी नको. इथल्या हरणांमध्ये एक वाईट रोग आहे. मेंदूतली प्रथिनं बिघडतात, जनावर झिजत झिजत मरतं. अमेरिकेत तो पहिल्यांदा १९६७ मध्ये कोलोरॅडोत दिसला आणि २००२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सापडला. शिजवून तो जात नाही, मातीत पडला तर वर्षानुवर्षं टिकतो. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगी हरीण खाऊ नका असं सरकार सांगतं. गळ्यातल्या गाठी तपासायला देता येतात, त्याचे पैसे लागत नाहीत. आमच्या हरणाची तपासणी झाली, रोग नव्हता. तरी डोकं, पाठीचा कणा आणि खरवडलेला सगळा गाळ पिशव्यांत बांधून कचराडेपोच्या गाडीत दिला, मागच्या अंगणात पुरला नाही.

मेंदूच्या जागी अंड्यातला बलक. डझनभर. त्यातही तसंच पाण्यात मिसळणारं तेल असतं. कातड्यातला चुना खूप वेळा धुऊन आणि शेवटी थोडं व्हिनेगर टाकून काढला, मग कोमट पाण्यात बलक फेटून त्यात ते मळलं. पाणी कढत असून चालत नाही, बलकही शिजतो आणि कातडंही आखडतं. मळायचं, काठीला गुंडाळून पीळ देऊन निथळायचं, पुन्हा मळायचं. पांढऱ्याचं काय केलं ते विचारू नकोस, आई.

त्यानंतरचा दिवस सगळ्यात लांब. कातडं ओलं असतं तोवर त्याला थांबू द्यायचं नाही. हाताने ताणायचं, गुडघ्यावर ओढायचं, खांबाला बांधलेल्या जाड दोरावर पुढे-मागे घासायचं, पूर्ण कोरडं होईपर्यंत. मध्येच जेवायला गेलात तर तेवढा भाग पत्र्यासारखा कडक होतो. आजोबा एका टोकाला, मी एका टोकाला. त्यांची बायको आळीपाळीने आम्हा दोघांची जागा घ्यायला येत होती. संध्याकाळपर्यंत ते पांढरंशुभ्र आणि फ्लॅनेलसारखं मऊ झालं होतं. पण एवढ्यावर सोडलं आणि पुन्हा भिजलं तर वाळताना पहिल्यासारखं कडक होतं, म्हणून शेवटी धूर. कातड्याची पिशवी शिवली आणि कुजक्या, भुसभुशीत लाकडाच्या धुमसत्या निखाऱ्यांवर टांगली. ज्वाळा होऊ द्यायची नाही, नुसता धूर. धुरातली द्रव्यं तंतूंना कायमची धरून ठेवतात. रंग गुळासारखा येतो. तू पाहिलंस ते हे, धूर देऊन झाल्यावर वाऱ्यावर टांगलेलं.

आता मृगाजिन.

बाबा, वाडा द्यायचा ठरला तर ते मला पाठवू का, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही माझ्याबद्दल विचार केलात हे मला पोचलं. पण मी त्या ओंडक्यावर वाकलेली असताना माझ्या डोक्यात आपल्या आजोबांचं तेच आसन होतं. घड्याळाचा कातडी पट्टा ते देवघरात येऊ द्यायचे नाहीत. पट्टा काढून, हात धुऊन आत. आणि बसायचे मात्र कातड्यावरच. ते सोवळ्यात चालायचं. काळवीट पवित्र, हे मला लहानपणी सांगितलं होतं. त्याचं कातडं कुणीतरी उतरवलं असणार, खरवडलं असणार, त्या वासात हात घालून ते मऊ केलं असणार. तो माणूस देवघरात आला असता का, हे कुणी बोललं नाही. आपल्या कोल्हापुरात तर हे काम करणारी वस्ती आपल्या रस्त्यावर होती. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडी मुरवणारी ढोर समाजाची माणसं. कातड्याची पिशवी शिवून, त्यात सालीचं पाणी भरून ती टांगून ठेवत. तिथून जाताना आई नाकाला पदर लावायची आणि मी रुमाल. त्याच कातड्याच्या चपला घालून आपण घरी यायचो आणि त्या दाराबाहेर काढायचो. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. त्या पिंपातल्या पाण्याला घाण वास होता आणि कामात घाण काहीच नव्हतं.

तर मृगाजिन मला नको, आणि पाठवताही येणार नाही. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. हा कायदा १९७२ चा. आजोबांनी ते त्याआधी घेतलं असलं तरी त्याची नोंद करून मालकीचा दाखला घ्यायला हवा होता. २००३ मध्ये नोंदीची आणखी एक १८० दिवसांची संधी सरकारने दिली होती. दाखला नसेल तर ते घरात ठेवणंही गुन्हा ठरतो. वारशाने येणं सोडलं तर ते कुणाला देता किंवा विकता येत नाही, आणि वारसालाही ९० दिवसांत कळवावं लागतं. म्हणून वाड्याचं सामान काढताना ते भंगारवाल्याकडे, मठात किंवा "जुन्या वस्तू घेतो" म्हणणाऱ्याकडे अजिबात जाऊ देऊ नका. आधी आजोबांच्या लोखंडी पेटीतले कागद बघा. वन खात्याचा शिक्का असलेला काही कागद मिळाला तर सोपं आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दाखला असणाऱ्याला अशी वस्तू मुख्य वन्यजीव रक्षकांकडे स्वतःहून जमा करता येते. भरपाई मिळत नाही. कागद नसेल तर तुम्ही एकट्याने वन खात्यात जाऊ नका. आधी दादाला बरोबर घेऊन वकिलांशी बोला, आणि त्याला मला फोन करायला सांगा.

मी कमावलेल्या कातड्याचे दोन भाग केलेत. इथल्या आजोबांच्या मनगटांना ऊब राहील असे लांब हातमोजे त्यांची बायको शिवतेय. उरलेल्याचं मी अजून ठरवलेलं नाही.

आई, गुडघ्याच्या तेलाची बाटली संपली की आधी कळव, संपल्यावर नको. बाबा, जिना चढताना कठडा धरा.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, चप्पल लाईनमधल्या तुमच्या नेहमीच्या दुकानात गेलात की एक विचारा. बाभूळ-हिरड्यातून काढल्यावर कातडं मऊ करायला ते कुठलं तेल लावतात, आणि कातडं ओलं असताना लावतात की वाळल्यावर? इथले आजोबा उत्तराची वाट बघताहेत.