गळा नंतरचा, बाकी सगळं त्या रात्रीचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुडास प्रीस्ट या हेवी मेटल बँडच्या ‘अनलीश्ड इन द ईस्ट’ (१९७९) या लाइव्ह अल्बमवर लेख आला होता. ‘ही शुद्ध फसवणूक आहे’ असा त्याचा एकूण सूर. लेखात दिलेलं कारण, म्हणजे गायन नंतर स्टुडिओत भरलं हे, खरं आहे; निष्कर्ष मात्र पटला नाही. शिवाय एक चूकही राहून गेली आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

आधी खरं ते मान्य करतो. हे ध्वनिमुद्रण फेब्रुवारी १९७९ मधल्या टोकियोतल्या कार्यक्रमांचं. त्या वेळी गायक रॉब हॅलफर्ड आजारी होता, गळा साथ देत नव्हता. म्हणून नंतर स्टुडिओत टेप लावून, तिच्याबरोबर तो पुन्हा गायला. पुढे मुलाखतींमध्ये त्याने हे स्वतःच सांगितलं. चाहते तर या अल्बमला चेष्टेने ‘अनलीश्ड इन द स्टुडिओ’ म्हणतात. मला हे कळलं तोवर अल्बम तोंडपाठ झाला होता. त्यानंतर कित्येक दिवस मी तो लावलाच नाही. रुसवाच म्हणा.

मग एकदा ठरवून हेडफोन लावले आणि गाण्याकडे लक्षच न देता फक्त ड्रम ऐकले. पहिल्याच ‘एक्सायटर’मध्ये ड्रमर लेस बिंक्सचे दोन्ही पाय अशा काही वेगाने चालतात की बसल्या जागी आपली टाच हलायला लागते. अल्बमवर नऊ गाणी आहेत. त्यातली चार १९७६ च्या ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’मधली. तो मूळ अल्बम मला अतिशय प्रिय, पण त्याचा आवाज किरकोळ अंगाचा आहे. चाली पहिलवानी आणि अंगरखा तोकडा, असं काहीतरी. शिवाय त्यावर ड्रम वाजवलेत ॲलन मूरने, आणि १९७७ च्या ‘सिन आफ्टर सिन’वर सायमन फिलिप्सने. टोकियोत ही सगळी गाणी एकट्या बिंक्सच्या हाताखाली आली आणि एका घरातली वाटू लागली. ‘टायरंट’ स्टुडिओतलं आणि टोकियोतलं एकापाठोपाठ एक ऐकून बघा. गिटारवर दोन्हीकडे तीच जोडी, के. के. डाउनिंग आणि ग्लेन टिप्टन. टोकियोत मात्र दोघे एकमेकांना जागा देत नाहीत, ढकलाढकली करत पुढे जातात. हे काही नंतर स्टुडिओत बसून जमवलेलं वाटत नाही.

आता गळ्याचं. अशा मुद्रणात गळा आणि वाद्यं टेपच्या स्वतंत्र पट्ट्यांवर उतरतात, म्हणूनच आवाज तेवढा बाजूला काढून नवा भरता येतो. बाकीचं मात्र जागचं हलत नाही. ड्रमर त्या रात्री भरात येऊन पुढे पळाला असेल, तर स्टुडिओतल्या गायकालाही त्याच्या मागे पळावंच लागतं. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, हे टोकियोतल्या त्या रात्रीने आधीच ठरवून ठेवलेलं. ‘व्हिक्टिम ऑफ चेंजेस’ सात मिनिटांहून मोठं आहे. मध्ये ते पार मंदावतं, मग पुन्हा पेट घेतं, आणि अखेरीस हॅलफर्डची ती लांबलचक किंकाळी. ती कुठल्या खोलीत मारली हे कळल्यावरही माझ्या अंगावरचा काटा काही कमी झालेला नाही. मला वाटतं, हॅलफर्ड बँडसमोर नसेल, पण बँडबरोबर होता.

माझी तक्रार वेगळीच आहे. वेष्टनावर एक ओळ छापली असती, ‘गायन नंतर ध्वनिमुद्रित’, तर कुणाचं काय बिघडलं असतं? लपवाछपवीमुळे लोक बाकीच्या चौघांच्या वादनावरही संशय घेऊ लागले. बिंक्सवर तर हा सरळ अन्याय. आणि लाइव्ह अल्बमच्या बाबतीत आपण फसवणूक नक्की कशाला म्हणतो, तेही गमतीचंच आहे. मोटरहेड या ब्रिटिश बँडचा १९८१ चा लाइव्ह अल्बम घ्या. नाव ‘नो स्लीप टिल हॅमरस्मिथ’, आणि त्यातला मुख्य ऐवज लीड्स आणि न्यूकॅसलचा! हॅमरस्मिथ लंडनमध्ये, ही दोन गावं पार उत्तरेला. तो ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि नावावरून त्याला कुणी लबाड म्हटल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

आता ती चूक. लेखात या अल्बमवरचा ड्रमर म्हणून डेव्ह हॉलंडचं नाव छापलं आहे. हॉलंड बँडमध्ये आला तो बिंक्सने बँड सोडल्यावर, म्हणजे हे ध्वनिमुद्रण होऊन गेल्यानंतर. ज्या एका माणसासाठी हा अल्बम पुन्हा पुन्हा ऐकावा, त्याचंच नाव गाळलं गेलं आहे. येत्या पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
पुरवणीचा एक जुना वाचक