भाजलेल्या भोपळ्याला साखरेची गरज नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पाककृती पुरवणीत नुकतीच भाजलेल्या बटरनट भोपळ्याची एक कृती प्रसिद्ध झाली. ‘आरोग्यदायी तोंडीलावणे’ अशा शीर्षकाखाली दिलेल्या त्या कृतीत चार माणसांसाठी ६०० ग्रॅम भोपळा, १०० ग्रॅम ब्राऊन शुगर आणि ५० ग्रॅम लोणी घ्यायला सांगितले होते. भोपळा भाजून खावा असे आपण वाचकांना सुचवले, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण ही फळभाजी जेवढी गुणाची आहे तेवढी घरोघरी भाजली जात नाही. मात्र त्या मापांचा हिशेब मांडून पाहिला आणि हे पत्र लिहिणे आवश्यक वाटले. १५० ग्रॅम बटरनटमधून माणशी साधारण ६५ ते ७० कॅलरी मिळतात. माणशी २५ ग्रॅम साखर आणि साडेबारा ग्रॅम लोणी यांमुळे त्यात आणखी सुमारे १८५ कॅलरींची भर पडते. म्हणजे त्या एका वाढणीतली जवळजवळ पाऊण हिस्सा ऊर्जा भोपळ्याची नसतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार वरून घातलेल्या साखरेचा वाटा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावा आणि तो ५ टक्क्यांच्या आत आणता आला तर अधिक चांगले. २,००० कॅलरींच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम साखर, आणि ती एवढ्या एका तोंडीलावण्यातच संपते. साखरेऐवजी मध वापरला तरी हा हिशेब फारसा बदलत नाही, कारण संघटनेच्या व्याख्येत मध आणि सिरप यांतली साखरही यातच धरली जाते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, कडक सालीचा पिकलेला भोपळा मुळातच गोड असतो आणि तो नीट भाजला तर त्याची चव आपोआप खुलते. फोडी पाणचट, मऊ आणि फिक्या राहिल्या की मग त्यांना वरून साखरेचा आणि लोण्याचा आधार द्यावासा वाटतो. अशा वेळी साहित्य वाढवण्याऐवजी भाजण्याची पद्धत सुधारली, तर पदार्थ चवीलाही उतरतो आणि त्याला आरोग्यदायी म्हणणेही सार्थ ठरते.

बटरनट, एकॉर्न, काबोचा, हबर्ड, डेलिकाटा, स्पॅगेटी हे सगळे हिवाळी भोपळे म्हणून ओळखले जातात. हे हिवाळ्यात पिकत नाहीत. वेलावर पूर्ण पिकू देऊन, साल टणक झाल्यावर शरद ऋतूत उतरवतात आणि थंडीभर साठवून खातात, म्हणून ते हिवाळी. साठवणुकीचा आणि चवीचा येथे थेट संबंध आहे. काढणीनंतरच्या काही आठवड्यांत गरातल्या स्टार्चचे हळूहळू साखरेत रूपांतर होते, त्यामुळे नुकताच उतरवलेला काबोचा पिठूळ लागतो आणि महिना-दीड महिना ठेवलेला तोच काबोचा चांगला गोड लागतो. अखंड भोपळ्याला १० ते १३ अंश सेल्सिअस तापमानाची कोरडी, हवेशीर जागा मानवते. तेथे बटरनट दोन-तीन महिने आणि हबर्ड त्याहूनही अधिक काळ टिकतो. एकॉर्न मात्र तुलनेने लवकर संपवावा. अखंड भोपळा फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण त्याहून अधिक थंडीने गराची प्रत बिघडते आणि तो लवकर सडतो. निवडताना हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागणारा, सालीवर चकाकी नसलेला, नखाने साल न टोचली जाणारा आणि देठ वाळून बुचासारखा झालेला भोपळा घ्यावा. बटरनट असेल तर लांब आणि जाड मानेचा पाहावा, कारण बियांची पोकळी फक्त खालच्या फुगीर भागात असते आणि मान आतून संपूर्ण भरीव असते.

अनेक जण भोपळा टाळतात ते तो कापणे अवघड जाते म्हणून, आणि ही अडचण खरी आहे. गोल, टणक वस्तूवर सुरी घसरली तर इजा होऊ शकते. कापायच्या फळीखाली ओलसर कापड अंथरावे, म्हणजे फळी सरकत नाही. बटरनटची मान आणि फुगीर भाग आधी आडवा काप देऊन वेगळे करावेत, प्रत्येक तुकड्याची सपाट बाजू फळीवर टेकवावी आणि मगच पुढचे काप द्यावेत. साल फारच कडक असेल तर सुरीच्या टोकाने काही ठिकाणी भोके पाडून अख्खा भोपळा दोन-तीन मिनिटे मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्यास सुरी सहज चालते. भोके पाडणे विसरू नये, नाहीतर आत कोंडलेल्या वाफेने तो फुटू शकतो. कापल्यावर थोड्याच वेळात गराच्या कडेला चिकाचे बारीक थेंब जमलेले दिसतात. हा चीक हातावर वाळला की कातडी ओढल्यासारखी होते, आणि काहींना तर हात बधिर झाल्यासारखे वाटते किंवा त्वचा सोलवटते. ज्यांना हा त्रास होतो त्यांनी हातमोजे घालून साल काढावी, किंवा साल काढूच नये. डेलिकाटाची पातळ साल भाजल्यावर खाता येते आणि काबोचाचीही मऊ पडते. एकॉर्न किंवा बटरनट उभा अर्धा करून, बिया काढून, कापलेली बाजू खाली ठेवून २०० अंशांवर ४० ते ६० मिनिटे भाजला, तर शिजलेला गर चमच्याने सहज निघतो. स्पॅगेटी भोपळाही असाच अर्धा करून भाजावा. तो शिजल्यावर काट्याने ओढला की गराचे शेवयांसारखे धागे सुटतात. मात्र तो जात्याच कमी गोड असल्याने खरपूस भाजण्यासाठी बाकीचेच चांगले.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे फोडी भाजण्याची. कच्च्या बटरनटमध्ये वजनाच्या सुमारे ८६ टक्के पाणी असते. फोडीच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तेथील तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही, आणि पदार्थाला तांबूस रंग व खमंग वास देणारी मेयार प्रक्रिया साधारण १४० अंशांच्या आसपास वेग घेते. म्हणूनच भाजताना सगळी धडपड असते ती पृष्ठभागावरचे पाणी लवकर उडून जावे यासाठी. ओव्हन २२० अंशांवर पूर्ण तापल्यावरच ट्रे आत सरकवावा. फोडी साधारण अडीच सेंटिमीटरच्या आणि शक्य तितक्या एकसारख्या असाव्यात, धुतल्या असतील तर कोरड्या फडक्याने टिपाव्यात. ६०० ग्रॅम फोडींना एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल पुरते. ते भांड्यात घालून हाताने नीट चोळावे, म्हणजे प्रत्येक फोडीला पातळसा थर बसतो. एवढ्या तेलाच्या माणशी ३० कॅलरी होतात. मीठ ट्रे आत ठेवायच्या अगदी आधी घालावे, कारण मीठ लावून ठेवलेल्या फोडींना पाणी सुटते.

सर्वांत जास्त बिघडते ते ट्रे भरताना. एका ट्रेमध्ये मावतील तेवढ्या फोडी दाटीवाटीने घातल्या की त्यांतून निघणारी वाफ मध्येच कोंडते आणि फोडी भाजल्या न जाता उकडल्या जातात. दोन फोडींमध्ये बोटभर जागा हवीच; भोपळा जास्त असेल तर दोन ट्रे घ्यावेत, पण फोडींचे थर लावू नयेत. धातूचा उघडा ट्रे काचेच्या खोल भांड्यापेक्षा केव्हाही सरस, कारण तो लवकर तापतो आणि त्याच्या कडा वाफ अडवत नाहीत. पहिली २० मिनिटे फोडी हलवू नयेत. सुरुवातीला त्या ट्रेला धरून राहतात, पण खालची बाजू नीट भाजली गेली की उलथन्याने सहज सुटतात. सुटत नसतील तर त्यांना आणखी दोन-चार मिनिटे द्यावीत. मग एकदाच उलटून आणखी १० ते १५ मिनिटे भाजावे. तयार फोडीच्या कडा तांबूस होऊन किंचित आक्रसलेल्या असतात, टोकांवर चिकटसर गडद ठिपके दिसतात, सुरीचे टोक आत विनासायास जाते आणि तरीही फोड उचलल्यावर आकार सोडत नाही. हा चिकटपणा भोपळ्याच्याच आटलेल्या साखरेचा असतो. अशी एक गरम फोड काहीही न घालता खाऊन पाहावी, असे मी वाचकांना आग्रहाने सांगेन. गोडाला तोल हवा वाटला तर बाहेर काढल्यावर लिंबाचा रस आणि ताजी मिरपूड पुरते. लसूण आवडत असल्यास ती शेवटच्या दहा मिनिटांत घालावी. आधी घातलेली लसूण या आचेवर करपते आणि कडवट लागते.

रंग गडद करण्याच्या नादात फोडी काळ्या मात्र होऊ देऊ नयेत. स्टार्च आणि साखर असलेले पदार्थ १२० अंशांच्या वर कोरड्या आचेत शिजले की त्यांत अॅक्रिलामाइड नावाचे, आरोग्याला अपायकारक मानले जाणारे संयुग तयार होते, असे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले. पदार्थ जितका अधिक करपतो तितके त्याचे प्रमाण वाढते, म्हणून तांबूस रंगावर थांबणे उत्तम.

पोषणाच्या बाजूने पाहिले तर १०० ग्रॅम भाजलेल्या बटरनटमधून सुमारे ४० कॅलरी, साधारण २८० मिलिग्रॅम पोटॅशियम, काही प्रमाणात तंतुमय घटक व ‘क’ जीवनसत्त्व, आणि बीटा कॅरोटीनच्या रूपात सुमारे ५५० मायक्रोग्रॅम ‘अ’ जीवनसत्त्व मिळते. प्रौढांची ‘अ’ जीवनसत्त्वाची दैनंदिन गरज ७०० ते ९०० मायक्रोग्रॅम धरली जाते हे लक्षात घेतले, तर एका वाढणीचे मोल ध्यानात येईल. बीटा कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे शरीरात ते नीट शोषले जाण्यासाठी थोडे तेल लागतेच. भाजण्यापुरते घातलेले तेल येथेही कामी येते आणि म्हणून भोपळा अजिबात तेल न घालता भाजावा, असे मी मुळीच सुचवणार नाही. भाजताना पोटॅशियम फोडीतच राहते, उलट उकडून पाणी ओतून टाकले तर त्यातले बरेचसे पाण्याबरोबर जाते. मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियम कमी घेण्यास सांगितले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. दिवसाकाठी निदान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सर्वपरिचित आहे. त्या ४०० ग्रॅममध्ये बटाटा मोजला जात नाही, भोपळा मोजला जातो. बटाट्याच्या तळलेल्या किंवा भाजलेल्या फोडींच्या जागी आठवड्यातून एक-दोनदा भोपळ्याच्या फोडी आल्या, तरी खाणाऱ्याला फार मोठा बदल केल्यासारखे वाटणार नाही.

आपल्या पुरवणीला माझी विनंती अशी की, ज्या कृतीच्या शीर्षकात ‘आरोग्यदायी’ हा शब्द येईल तिच्यासोबत माणशी साखर, मीठ आणि स्निग्ध पदार्थ किती जातात हे छापावे. त्याचबरोबर ओव्हनचे तापमान, फोडीचा आकार, ट्रेमध्ये ठेवायचे अंतर आणि तयार झाल्याची खूण यांनाही जागा द्यावी. पाककृतींच्या सदरांत साहित्याची यादी लांबलचक असते आणि ‘मऊ होईपर्यंत भाजावे’ एवढ्या एका वाक्यात सगळी कृती उरकली जाते. नवशिक्या वाचकाचा पदार्थ बिघडतो तो नेमका त्या एका वाक्यापाशी, आणि मग पुढच्या वेळी तो साखर वाढवतो किंवा भोपळा आणणेच सोडून देतो. बियांबद्दलही दोन ओळी यायला हव्यात. जस्त आणि मॅग्नेशियमने समृद्ध असलेल्या या बिया धागे काढून, धुऊन, पूर्ण कोरड्या करून १५० अंशांवर २० ते २५ मिनिटांत कुरकुरीत होतात, आणि तरीही बहुतेक घरांत त्या कचऱ्यात जातात.

आणखी एक सूचना भोपळ्याच्या प्रत्येक कृतीखाली ठळक अक्षरांत यावी, असे मला कळकळीने वाटते. भोपळावर्गीय फळांत क्वचित कुकुरबिटासिन नावाची कडू संयुगे वाढतात. शोभेच्या भोपळ्यांशी संकर झालेल्या बियाण्यापासून घरी वाढवलेल्या वेलांच्या फळांत ही शक्यता विशेष असते. ही संयुगे शिजवल्याने किंवा भाजल्याने नष्ट होत नाहीत आणि त्यांमुळे तीव्र उलट्या व जुलाब होऊ शकतात. म्हणून फोडी करण्यापूर्वी कच्च्या गराचा अगदी लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा, आणि तो कडू लागला तर थुंकून टाकावा, चूळ भरावी व तो संपूर्ण भोपळा टाकून द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक