टर्बो बसवण्याआधी इंजिन ऐकायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

ऑकलंडमधल्या आपल्या गॅरेजात मी माझी 1981 ची माझ्दा आरएक्स-7 पहिल्यांदा आणली, तेव्हा टर्बोचा, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राचा, सगळा संच डिकीत होता आणि तो दोन शनिवारांत बसवून मिळावा एवढीच माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात चौदा महिने लागले. त्याबद्दल समक्ष आभार मानू लागलो की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. ज्यांच्याकडे अशी जुनी रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या तिकोनी रोटरचे इंजिन असलेली, गाडी आहे, त्यांनाही ते उपयोगी पडेल.

त्या दिवशी आपण खोके उघडलेसुद्धा नाही. इंजिनातला दाब मोजणाऱ्या साध्या कॉम्प्रेशन गेजमधली झडप काढून तो प्लगच्या जागी लावलात आणि मला स्टार्टर फिरवायला सांगितलेत. रोटरला तीन बाजू असतात आणि प्रत्येक बाजूचा कप्पा पाळीपाळीने हवा दाबतो, त्यामुळे काट्याने तीन सारख्या उसळ्या घेत राहायला हवे. इंजिनातल्या दोनपैकी पुढच्या रोटरच्या तिन्ही सारख्या होत्या, पण मागच्या रोटरची एक उसळी भरीव आणि तिच्यामागच्या दोन बारीक होत्या. एकच दुबळी असती तर दोष बाजूच्या सीलमध्ये शोधला असता, पण लागोपाठच्या दोन दुबळ्या, म्हणजे त्या दोन कप्प्यांच्या मधले, रोटरच्या टोकावरचे एपेक्स सील, म्हणजे कप्पे एकमेकांपासून बंद ठेवणारी पट्टी, झिजले आहे, हे आपण इंजिन न उघडता सांगितलेत. उघडल्यावर तसेच निघाले.

ती 3 मिलिमीटर जाडीची पट्टी आपण माझ्या तळहातावर ठेवलीत, तो क्षण मी विसरणार नाही. साध्या पिस्टनच्या इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून ठोके पडू लागले तर ते थोडा वेळ सहन करते आणि चालकाला सावध व्हायला अवधी मिळतो. रोटरीत मात्र बूस्टखाली, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाखाली, झालेला असा एकच मोठा स्फोट ही पट्टी मोडू शकतो, आणि मोडलेला तुकडा बाहेर पडताना हाउसिंगवरचा क्रोमचा थर ओरबाडतो, टर्बोची पातीही उडवतो. त्यात माझ्या गाडीच्या 12ए नावाच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे कप्प्यातली हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, 9.4 ला 1, आणि माझ्दाने 1983 मध्ये जपानमध्ये स्वतः टर्बो लावून विकलेल्या 12ए चे 8.5 ला 1. कारखान्याने जे कमी करून घेतले ते आपण तसेच ठेवणार असू, तर बूस्ट 7 पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचे एकक) थांबेल आणि टाकीत 98 ऑक्टेनचे, म्हणजे सहजी अवेळी न पेटणारे, पेट्रोलच जाईल, ही अट आपण घातलीत. मी 12 पीएसआय मागत होतो. आपण नकार दिलात, आणि तो नकार या सगळ्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटतो.

कार्ब्युरेटर ठेवण्याचा माझा हट्टही आपण शांतपणे मोडलात. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब जेमतेम 3-4 पीएसआय असतो, आणि त्याच्या तोंडावर 7 पीएसआयची हवा आली की ऐन गरजेच्या क्षणी पेट्रोल मागे ढकलले जाते, हे आपण खडूने फरशीवर चित्र काढून समजावलेत. म्हणून इंजेक्टर आले, आणि बूस्ट वाढेल तशी ठिणगी उशिरा पाडणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आला. सीलना वंगण म्हणून इंजिनात थोडे तेल सोडणाऱ्या पंपाच्या नळ्या कार्ब्युरेटरलाच जोडलेल्या असल्याने तीही सोय गेली. आता मी दर 10 लिटर पेट्रोलमागे 100 मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल मोजून घालतो.

डायनोवरची, म्हणजे गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावरची, संध्याकाळ मात्र सविस्तर लिहिलीच पाहिजे. बूस्ट 7 वर लावलेला असूनही आरपीएम चढताना तो 8, 9 आणि शेवटी 11 पर्यंत सरकला, आणि मी आकड्याकडे कौतुकाने पाहत असताना आपण ओरडून गाडी बंद करायला लावलीत. रोटरीत एक्झॉस्ट झडप नसते. पोर्ट एकदम उघडते आणि प्रचंड तापलेला वायू जोराने बाहेर येतो, म्हणून टर्बो लवकर जागा होतो आणि म्हणूनच त्याला आवरणेही कठीण जाते. संचातले वेस्टगेट, म्हणजे जादा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, लहान होते, शिवाय मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला वायू टर्बोकडे नेणाऱ्या नळीला, काटकोनात जोडलेले होते, त्यामुळे वायू तिकडे वळतच नव्हता. आपण तीन रविवार खर्चून नवा मॅनिफोल्ड वेल्ड केलात, वेस्टगेटची नळी प्रवाहाच्या दिशेने तिरकी काढलीत आणि मोठे वेस्टगेट बसवलेत. पुढच्या वेळी काटा 7 वर गेला आणि तिथेच राहिला. त्या रविवारांचे पैसे आपण घेतले नाहीत.

ब्रेक सुधारून घेणे, तपासणी आणि बदल केलेल्या गाडीला न्यूझीलंडमध्ये लागणारे लो व्हॉल्यूम व्हेइकलचे प्रमाणपत्र हे सारे त्यानंतर रीतसर पार पडले.

कोल्हापूर सोडून आपल्याला कित्येक वर्षे झाली, तरी आपण नोंदी अजून मराठीतच ठेवता. बॉनेटच्या आतल्या बाजूला आपल्या अक्षरातले कार्ड चिकटवलेले आहे, त्यावर दोन्ही रोटरच्या तीन-तीन उसळ्या लिहिल्या आहेत. हॅम्प्टन डाउन्सच्या ट्रॅकवर दोन दिवस चालवून आल्यावर मागच्या आठवड्यात मी गेज स्वतः लावला. सहाही उसळ्या सारख्या आहेत. आकडे आपल्या आकड्यांखाली लिहिले आहेत. शनिवारी गाडी घेऊन येतो, तेव्हा कृपया पाहावेत.

आपला कृतज्ञ,
त्या आरएक्स-7 चा मालक