बाबा, पाणबुडीत आई जाईल

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

तिकिटं काढली आहेत. बाबा, "कशाला एवढा खर्च" हे तुमचं फोनवर म्हणून झालंय, आता पुन्हा नको. जानेवारीत इंदूरच्या थंडीत तुमचे गुडघे आखडतात, इथे विशाखापट्टणमला तेव्हा स्वेटरही लागत नाही. रेल्वेचा विचार केला होता, पण एवढ्या लांब गाड्या बदलत, सामान ओढत येणं मला पटेना. त्यापेक्षा विमान बरं. हैदराबादला बदलायचंय, तिथे बाबांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. ती आली की "मी चालतो की" म्हणून परत पाठवायची नाही.

आता कुरसुरा पाणबुडीच्या संग्रहालयाबद्दल. रविवारी मी मुद्दाम जाऊन आत फिरून आले. आणि ठरवलंय, बाबा, तुम्ही आत जायचं नाही. आई जाईल.

रागावू नका. रामकृष्ण बीचवर ती काँक्रीटच्या पायावर अख्खी बसवली आहे, जवळजवळ ९१ मीटर लांब. बाहेरून वाटतं, आत वाडाच असेल. आत सगळी जागा यंत्रं, नळ्या आणि व्हॉल्व्हनी घेतलेली, माणसांनी उरलेल्या फटीत राहायचं. ७५ माणसं राहायची अशी! पुढच्या भागात टॉर्पेडो आणि त्यांच्या शेजारीच झोपायच्या जागा. एका कप्प्यातून दुसऱ्यात वाकून, पाय उचलून जायचं, आणि मागे रांग. मध्येच गुडघा अडला तर पुढेही जाता येणार नाही आणि मागेही. तिथे माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक असतात. त्यांच्यातले एक म्हणाले, वयस्क लोकही येतात, सावकाश जातात. हे तुमच्यापासून लपवत नाही. पण त्या लोकांचे गुडघे मी पाहिलेले नाहीत, तुमचे पाहिलेत. महेश्वरच्या घाटावर काय झालं ते आईला विचारा.

मला माहीत आहे, तुम्हाला ती का बघायचीय. १९६९ साली सोव्हिएत संघात आपल्या नौदलात दाखल झालेली, ७१ च्या लढाईच्या वेळी अरबी समुद्रात गस्तीवर असलेली, २००१ साली निवृत्त झालेली ही पाणबुडी मला तुमच्याच तोंडून माहीत झाली. न्हाणीघरात बादलीत तांब्या उलटा-सुलटा करून तुम्ही शिकवलं होतंत, टाक्यांत पाणी भरलं की बुडते, दाबाच्या हवेने पाणी बाहेर ढकललं की वर येते. आई बाहेरून ओरडत होती, पोरीला सर्दी होईल. झाली पण होती. आत नियंत्रण कक्षात उभी असताना मला सारखा तोच तांब्या दिसत होता. आणि अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या रात्री मला खांद्यावर घेऊन तुम्ही पहाटेपर्यंत उभे राहायचात, तेही ह्याच गुडघ्यांवर, ते काय मी विसरलेय? म्हणून तर, बाबा.

तुम्ही बाहेरून तिच्याभोवती निवांत फिरा. दमलात की समुद्राकडे तोंड करून बसा, चहा तिथेच मिळतो. रस्त्यापलीकडे टीयू-१४२ विमान ठेवलंय, २०१७ साली नौदलातून निवृत्त झालेलं. पाणबुड्या हुडकणारं विमान पाणबुडीच्याच समोर! यावर तुम्ही तासभर बोलाल याची मला खात्री आहे, आणि मी ऐकणार आहे. आई, तू आत तीन डिझेल इंजिनं आणि पेरिस्कोप नीट बघून ये, बॅटऱ्या कुठे असतात तेही विचार. बाहेर आल्यावर तुझी तोंडी परीक्षा आहे. सोमवारी बंद असते, तेव्हा आपण मंगळवारी जाऊ.

अगदीच मन राहत नसेल तर एक करा. इंदूरच्या डॉक्टरांना दाखवा, सांगितलेले व्यायाम महिनाभर रोज करा, आईची साक्ष लागेल. मग दारापर्यंतच्या पायऱ्यांचं बघू. बघू म्हटलंय, हो म्हटलेलं नाही.

घरी काही गैरसोय नाही. लिफ्ट आहे, कमोड आहे, गीझर आहे. तुमच्या खोलीला खिडकी पूर्वेची, सकाळची पूजा होईल. भाताचा कंटाळा आला तर पोळ्या मी करते, पोहेही आणून ठेवलेत, फक्त सेव तिकडची आणा. एक किलो पुरे, आई, मागच्यासारखं सगळ्या शेजारपाजाऱ्यांना पुरेल एवढी नको.

गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका. आधार कार्डं दोघांची मूळ हवीत. गॅसचा नॉब आणि मोटरचं बटण आईने बघायचं, बाबांनी कुलूप. कुलूप एकदाच ओढून बघायचं, बाबा, जिना उतरून परत चढायचं नाही. किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या, तुळशीला पाणी त्या घालतील, मी बोलले आहे त्यांच्याशी.

बुधवारी रात्री फोन करते, तोपर्यंत गुडघ्याची पट्टी सापडली का ते बघून ठेवा.

तुमची,
छोटी