‘मला काही होत नाही’ एवढे फॉर्मवर लिहू नका

सिंगापूर,
७ सप्टेंबर

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

काल फोनवर बाबांनी एका दमात चार प्रश्न विचारले: कोरोनाची तपासणी लागणार का, पिवळ्या तापाची लस घ्यायची का, हृदयाची फाइल सोबत आणायची का, आणि हे सगळे दाखवल्यावर बोटीवर घेतील की धक्क्यावरूनच परत पाठवतील. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी प्रत्येक प्रश्नाचे निराळे उत्तर दिल्यामुळे त्यांची झोप उडाली आहे, असे आई मागून म्हणाली. फोनवर सांगितलेले निम्मे ऐकले जाते आणि उरलेले निम्मे दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर बदलते, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे. ते बाबांनी त्यांच्या पिवळ्या फाइलमध्ये ठेवावे.

डिसेंबरमध्ये आपण ज्या बोटीने सिंगापूरहून पेनांगला जाऊन परत येणार आहोत, तिच्या कंपनीने कोरोनाची तपासणी किंवा लसीचे प्रमाणपत्र मागितलेले नाही. बाबांच्या मनात अजून फेब्रुवारी २०२० मधली ‘डायमंड प्रिन्सेस’ आहे, हे मला ठाऊक आहे. योकोहामाच्या बंदरात अडकलेल्या त्या बोटीवर ३,७११ माणसे होती आणि त्यांतल्या ७१२ जणांना लागण झाली, हे आकडे त्या वेळी टीव्हीवर इतक्यांदा ऐकले की ते विसरणे शक्य नाही. पुढे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून सिंगापूरने निम्म्या प्रवाशांनिशी, कोणत्याही परक्या बंदराला न लागता परत येणाऱ्या सफरी सुरू केल्या, तेव्हा चढण्याआधी प्रत्येकाची तपासणी होत असे. डिसेंबर २०२० मध्ये अशाच एका सफरीत ८३ वर्षांचे एक गृहस्थ जुलाब होत आहेत म्हणून बोटीवरच्या दवाखान्यात गेले, तिथल्या तपासणीत ते पॉझिटिव्ह आले आणि संपूर्ण बोट माघारी वळवण्यात आली. किनाऱ्यावर त्यांच्या पुन्हा तपासण्या झाल्या, त्या निगेटिव्ह निघाल्या. तपासणीचा कागद म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हे त्यावरून कळतेच, पण मला त्या आजोबांचेच जास्त कौतुक वाटते, कारण पोट बिघडल्यावर ते उठून दवाखान्यात गेले. आपल्या घरात कोणी गेले असते का, याची मला खात्री नाही.

या पत्रात मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते हेच. तपासणी आता उरलेली नाही, पण प्रश्नावली उरली आहे. बोटीवर चढायच्या दिवशी एक छोटा फॉर्म भरून घेतात, त्यात गेल्या दोन-तीन दिवसांत ताप, खोकला, उलटी किंवा जुलाब झाले आहेत का, एवढेच विचारलेले असते, आणि तो भरायला दोन मिनिटेही लागत नाहीत. बोटवाल्यांना खरी धास्ती नोरोव्हायरसची असते. त्याचे अगदी थोडे कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो, लागण झाल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि हजारो माणसे एकाच जेवणघरात एकाच चमच्याने वाढून घेत असल्यामुळे तो बघता बघता पसरतो. हातावर चोळायच्या सॅनिटायझरने तो नीट जात नाही, साबण आणि पाण्यानेच हात धुवावे लागतात, तेव्हा आईने पर्समध्ये ठेवलेल्या त्या छोट्या बाटलीवर भिस्त ठेवू नये. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेकडे तर बोटीवरच्या ३ टक्के प्रवाशांनी किंवा कर्मचाऱ्यांनी असा त्रास सांगितला की त्या बोटीची साथ म्हणून जाहीर नोंद होते.

आता बाबांना थेट विचारते. २०१८ मध्ये छातीत दुखू लागले तेव्हा तुम्ही ‘गॅस झालाय’ म्हणून दोन दिवस सोडा पीत राहिलात, आणि शेवटी शेजारच्या काकांनी गाडीत घालून दवाखान्यात नेले, हे खरे ना? हीच सवय त्या फॉर्मवर उतरेल, याची मला भीती वाटते. ‘होय’ लिहिले म्हणजे हाकलून देतात, असे नाही. बहुतेक वेळा बाजूला बसवून नर्स विचारपूस करते, ताप पाहते, आणि मग डॉक्टर ठरवतात. कधी जाऊ देतात, कधी एक-दोन दिवस केबिनमध्येच थांबायला सांगतात, आणि आजार खरोखर संसर्गाचा दिसला तरच नाही म्हणतात. नाही म्हटले तर आपण घरी येऊ, माझ्या गॅलरीतूनही थोडासा समुद्र दिसतो. पणजोबांच्या काळातल्या प्लेगच्या गोष्टी आजी सांगायची, त्या आठवतात का? तपासणीला येणाऱ्या शिपायांच्या भीतीने लोक घरातले आजारी माणूस माळ्यावर लपवायचे, आणि मग घरातले सगळेच अंथरुणाला खिळायचे. त्या लोकांकडे भिण्यासारखे कारण तरी होते, कारण तपासणी म्हणजे घराची मोडतोड आणि छावणीत रवानगी असे. आपल्याला फार तर पेनांग चुकेल.

तुमचा कागद एकटा राहत नाही, हेही लक्षात घ्या. बोट परक्या बंदरात शिरण्यापूर्वी कप्तानाला ‘सागरी आरोग्य घोषणापत्र’ भरून द्यावे लागते, तसे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम, २००५ यांत ठरलेले आहे. प्रवासात कोणी दगावले का, संसर्गाचा संशय असलेला कोणी बोटीवर आहे का, आजाऱ्यांची संख्या नेहमीपेक्षा अधिक आहे का, असे प्रश्न त्यात असतात, आणि खाली कप्तानाची सही असते. आजही बंदरात येणारी बोट पिवळा झेंडा लावते, त्याचा अर्थ ‘आमच्याकडे सर्व निरोगी आहेत, आत येण्याची परवानगी द्यावी’ असा होतो. बाबांनी ‘नाही’ वर केलेली खूण शेवटी त्या झेंड्यापर्यंत जाते. म्हणून एक पथ्य: निघण्याआधीचे चार दिवस बाहेरची मिसळ आणि भेळ बंद. महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये आईने बांधून दिलेली दशमी-चटणीच खायची.

हृदयाच्या फाइलबद्दल. ती आणायचीच, पण आहे तशी नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी आपल्या खालच्या खोलीत शिरले, तेव्हा ती कपाटाच्या तळाच्या खणात होती, आणि डिस्चार्ज कार्डावरची निळी शाई अशी पसरली आहे की स्टेंट कोणत्या रक्तवाहिनीत घातला, हे मला मागच्या वेळी भिंग लावूनही वाचता आले नाही. ज्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली तिथून डिस्चार्ज कार्डाची दुसरी प्रत मागून घ्या. ईसीजीचे तर आणखी विचित्र आहे. तो कागद उष्णतेने उमटणारा असतो, त्यामुळे काही वर्षांत त्याच्यावरच्या रेघा आपोआप फिक्या होत जातात. तुमच्या फाइलमधली जुनी पट्टी मी उजेडात धरली तेव्हा गुलाबी चौकटींशिवाय काहीच उरलेले नव्हते. म्हणून नव्याने ईसीजी काढून घ्या आणि त्याच दिवशी त्याची साध्या कागदावर झेरॉक्स करा. बोटीवरच्या डॉक्टरला छातीत दुखणाऱ्या माणसाचा जुना ईसीजी समोर मिळाला, तर नवा बिघाड कोणता आणि जुनी खूण कोणती, हे तो पाच मिनिटांत सांगू शकतो. नाही मिळाला तर खबरदारी म्हणून पुढच्या बंदरात उतरवण्याचीच शक्यता अधिक. सोबत आपल्या डॉक्टरांचे अर्ध्या पानाचे पत्र घ्या, इंग्रजीत, लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, ज्यात आजार, शस्त्रक्रियेचे वर्ष, चालू औषधे आणि प्रवासास हरकत नसल्याचे लिहिलेले असेल. हे पत्र कंपनीने मागितलेले नाही, मीच मागते आहे.

विम्याची कथा तुम्हाला आठवत असेलच. दोन वर्षांपूर्वी तुम्ही इथे आलात तेव्हा एका एजंटाने वेळ वाचवण्यासाठी ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात ‘नाही’ असे भरून टाकले, बाबांनी न वाचता सही केली, आणि रक्तदाब वाढल्यावर इथल्या दवाखान्याचे बिल आपल्यालाच भरावे लागले. त्यात माझीही चूक होती, मी फॉर्म मागवून पाहायला हवा होता. या वेळी अर्ज मी भरणार आहे आणि त्यात स्टेंट, रक्तदाब, आईची साखर, सगळे स्पष्ट येईल, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. बोटीवरच्या दवाखान्यात आधी बिल केबिनच्या खात्यावर चढते आणि विमा कंपनीकडून पैसे मागाहून मागावे लागतात, म्हणून तिथली प्रत्येक पावती जपून ठेवायची. पॉलिसीत बोटीवरून किनाऱ्यावरच्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलेला आहे की नाही, हे मी मुद्दाम पाहून घेणार आहे, कारण मोठा खर्च तिथेच होतो.

औषधांबाबत आईला एक सांगते. आपल्याकडे मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापून पाच गोळ्या देतो, तेव्हा औषधाचे नाव नेमके त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते, आणि तू त्या गोळ्या बडीशेपेच्या डबीत एकत्र ठेवतेस. घरी ते चालते, कस्टमच्या टेबलावर चालत नाही. या वेळी अख्ख्या, न कापलेल्या पट्ट्या घे, प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभराच्या जास्त. प्रिस्क्रिप्शनवर कंपनीच्या नावासोबत औषधाचे मूळ नावही लिहून घे, कारण इथल्या डॉक्टरला आपल्याकडची कंपन्यांची नावे कळत नाहीत, मेटफॉर्मिन किंवा टेल्मिसार्टन म्हटले की लगेच कळते. तू रात्री झोपेची जी अर्धी गोळी घेतेस, तिच्याबद्दल सिंगापूरचे नियम कडक आहेत. अशा औषधांना इथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची आधी परवानगी लागू शकते, तेव्हा तिचे प्रिस्क्रिप्शन मला याच आठवड्यात पाठव, पुढचा अर्ज मी करते. आणि सगळी औषधे हातातल्या पिशवीत. धक्क्यावर मोठी बॅग एकदा दिली की ती केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होते.

पिवळ्या तापाची लस घ्यायची नाही. ती आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या, जिथे हा ताप आहे अशा देशांतून येणाऱ्यांना लागते. शिवाय ती जिवंत विषाणूची लस असून साठी उलटल्यावर पहिल्यांदा घेणाऱ्यांना तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका अधिक असतो, त्यामुळे ‘असू दे जवळ’ म्हणून घेण्यासारखी ती नव्हे.

सगळ्यात घाईचे काम आईच्या पासपोर्टचे आहे. त्याची मुदत मार्चमध्ये संपते, आणि प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने शिल्लक असावे लागतात. कोल्हापुरातल्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची वेळ मी ऑनलाइन घेते, तुम्ही फक्त आधार कार्ड आणि जुना पासपोर्ट घेऊन जायचे. पासपोर्टवरचे, विम्यावरचे आणि बोटीच्या तिकिटावरचे नाव अक्षरन् अक्षर सारखे पाहिजे. आईच्या नावात कुठे मधले नाव येते आणि कुठे येत नाही, ते या निमित्ताने एकदाचे मार्गी लावू. व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा हवा, कारण बोट मलेशियाला जाऊन परत आली की तो आपला सिंगापुरातला दुसरा प्रवेश ठरतो. त्याच कारणाने सिंगापूरचे आगमन पत्रक, ज्यात आरोग्याची माहितीही भरायची असते, दोनदा भरावे लागेल: एकदा विमानाने येताना, एकदा बोटीने परतताना, आणि तेही आगमनाच्या आधीच्या तीन दिवसांतच. मलेशियाचेही तसेच एक पत्रक आहे. ही पत्रके फुकट असतात. भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर तो कितीही ओळखीचा असला तरी देऊ नका.

आईने माझ्यासाठी तांबड्या रश्श्याचा मसाला करून आणायचा बेत केला आहे, हे बाबांच्या तोंडून निसटले. मसाला जरूर आण, पण त्यात खसखस घालू नकोस, सुटी खसखसही बॅगेत नको. इथे खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि तपासणीत सापडली तर फार मनस्ताप होतो. काजू घालून कर, मी तक्रार करणार नाही.

ईसीजी झाला की त्याचा फोटो पाठवा, आणि झोपेच्या गोळीच्या प्रिस्क्रिप्शनचाही.

तुमची लेक

ता. क. बाबा, खिशातली तंबाखूची डबी मुंबईच्या विमानतळापर्यंतच. इथे खायच्या तंबाखूवर बंदी आहे. आईला मी हे वेगळे सांगितलेले नाही, पण पत्र तीच आधी वाचणार, हे तुम्हालाही माहीत आहे.