गंगाखेडच्या मावशी, तुमचं फडकं माझ्याकडेच आहे

गंगाखेडच्या मावशींना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गंगाखेडकडच्या एवढंच ठाऊक, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवील.

मृगातली गोष्ट. मालक शेतातल्या आखाड्यावर खालीच अंथरूण टाकून झोपले होते. रात्री मण्यार चावली. ना दुखलं, ना सुजलं. पहाटे पापण्या उघडेनात, बोलणं जड झालं, अन् लातूरला नेईपर्यंत श्वास अडकायला लागला. सापाच्या विषावरची इंजेक्शनं दिली, व्हेंटिलेटर लावला. डॉक्टर म्हणाले, विषानं श्वासाचे स्नायू लुळे पडलेत, जोर परत येईस्तोवर मशीनच श्वास देईल. थांबायचं.

थांबायचं म्हणजे काय करायचं, ते कुणी सांगत नव्हतं. मी आयसीयूबाहेर फरशीवर बसून नवस बोलत होते. तुळजापूरला दंडवत, परळीला अभिषेक, शेगावला पायी. आठवेल त्या देवाला काही ना काही कबूल. तुमचा नातू आत होता, तरी चौथ्या दिवशी तुम्ही माझ्याजवळ सरकून बसलात. फडक्यातला धपाटा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवलात अन् म्हणालात, "किती जणांची उधारी करायलीस माय? एकालाच सांग. पण समदं सांग."

मी म्हटलं, मला हरिपाठसुद्धा पाठ नाही.

"आमच्या जनीला कुणी शिकविलं? दळता दळता बोलायची. राग आला की भांडायची."

जनाबाई गंगाखेडची, नामदेवांच्या घरची दासी, हे शाळेत वाचलं होतं. तुमच्या तोंडून ती शेजारच्या घरातली बाई वाटली.

त्या रात्री मी विठ्ठलाला पहिल्यांदा खरं सांगितलं. बियाण्याच्या पैशावरून मी मालकांशी भांडले होते, म्हणूनच ते त्या रात्री आखाड्यावर गेले. हे मी माझ्या आईलाही बोलले नव्हते. रडले, भांडले, तुझं लक्ष कुठं होतं म्हणून विचारलं. भीती गेली नाही. पण डोक्यावरची पाटी उतरवायला कुणी हात लावावा तसं झालं, अन् पहाटे तासभर डोळा लागला. चार रात्रींत पहिल्यांदा.

जागी झाले तर तुमच्या जागेवर दुसरंच कुणी बसलेलं.

त्याच दुपारी मालकांची डावी पापणी हलली. जीव औषधानं अन् त्या मशीननं वाचवला, हे मी जाणते. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा, हे वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. पण ते सगळं होईस्तोवर मी उभी राहिले, ती तुमच्यामुळं.

तुमच्या नातवाला घरी सोडलं की दुसरीकडे हलवलं, कळलं नाही. रोज दिवा लावताना मी विठ्ठलाला त्याचं विचारते. नाव माहीत नाही, म्हणून "मावशींचा नातू" म्हणते.

धपाट्याचं फडकं माझ्याकडेच राहिलं. निळ्या काठाचं. धुऊन, घडी घालून ठेवलंय.

तुमची,
अहमदपूरकडची लेक